बीजभक्षी सोंडकिड्याचे जीवनचक्र आणि गाजरगवताच्या जैविक नियंत्रणाचा प्रश्न

सारांश

गाजरगवताच्या नियंत्रणासाठी भारतात पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ पासून वापरला जात आहे. मात्र या तणाची खरी शक्ती त्याच्या पानांत नसून बियांत आहे. गाजरगवताचे बी खाणारा सोंडकिडा स्मिक्रोनिक्स ल्युट्युलेंटस हा १९८३ मध्ये भारतात आणला गेला होता; परंतु त्याची प्रयोगशाळेत वाढ होऊ शकली नाही. प्रस्तुत लेखात या कीटकाच्या जीवनचक्राचे विवेचन केले असून अन्य बीजभक्षी सोंडकिड्यांशी त्याची तुलना केली आहे. तसेच बीजभक्षी कीटकाकडून तणनियंत्रणाची किती अपेक्षा ठेवावी आणि त्यात कोणते धोके संभवतात, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : गाजरगवत, सोंडकिडा, बीजभक्षण, सुप्तावस्था, यजमान-विशिष्टता, जैविक नियंत्रण.

१. प्रास्ताविक

दरवर्षी ऑगस्ट महिन्यात देशभर गाजरगवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. आपल्या महाविद्यालयांतूनही राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक मैदाने, कुंपणे व रस्त्यांच्या कडा स्वच्छ करतात. पुढच्या वर्षी पहिला पाऊस झाला, की त्याच जागी तेच तण पुन्हा उभे राहते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की त्यामागील कारणाची चौकशी करण्याची आवश्यकताही आपणांस भासेनाशी झाली आहे.

गाजरगवत म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही सूर्यफुलाच्या कुलातील, मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती होय. भारतात या तणाची दखल घेतली गेली ती पुण्यात. १९५५ मध्ये तेथील उकिरड्यांवर ते आढळले आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. त्यामुळे महाराष्ट्राला या विषयाचा इतिहास परका नाही. पुढील दोन दशकांत या तणाने देशाचा बहुतांश भाग व्यापला. पार्थेनिन या रसायनामुळे होणारा त्वचादाह, परागकणांमुळे होणारा श्वसनाचा त्रास आणि चराऊ कुरणांचा ऱ्हास या तिन्ही बाबी आता सर्वपरिचित आहेत.

एखादे तण परदेशातून येते, तेव्हा त्याचे नैसर्गिक शत्रू बहुधा मूळ प्रदेशातच मागे राहतात. ते शोधून, तपासून नव्या प्रदेशात सोडणे हे अभिजात जैविक नियंत्रणाचे तत्त्व आहे. या तत्त्वानुसार १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूर येथे झायगोग्रामा बायकोलोराटा हा पाने खाणारा भुंगेरा आणण्यात आला व चाचण्यांनंतर १९८४ मध्ये तो शेतात सोडण्यात आला. आज महाराष्ट्रात ‘मेक्सिकन भुंगेरा’ या नावाने तो परिचित आहे. पावसाळ्यात कित्येक ठिकाणी तो गाजरगवताची पाने पूर्णपणे फस्त करतो. असे असूनही तण दरवर्षी का परतते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण पानांकडून बीजाकडे आणि पर्णभक्षी कीटकाकडून बीजभक्षी कीटकाकडे वळतो.

२. गाजरगवताचे बीजबळ

गाजरगवताचे जे पांढरे ‘फूल’ आपल्याला दिसते ते वास्तविक अनेक सूक्ष्म फुलांचा समूह, म्हणजे स्तबक असते. त्याच्या मध्यभागी असलेली बिंबपुष्पके केवळ पराग देतात. त्यांपासून बी होत नाही. बी धरते ते कडेच्या किरणपुष्पकांत आणि ही किरणपुष्पके प्रत्येक स्तबकात सामान्यतः पाचच असतात. म्हणजे एका स्तबकातून साधारणपणे पाच बिया, शास्त्रीय भाषेत पाच कृत्स्नफले, मिळतात.

पाच ही संख्या अल्प वाटते. तथापि पूर्ण वाढलेल्या एका झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात. केवळ पंधरा हजार बिया धरल्या तरी त्या झाडावर सुमारे तीन हजार स्तबके आली, असा त्याचा अर्थ होतो. उगवणीनंतर महिना-दीड महिन्यात झाड फुलू लागते आणि ओलावा असेपर्यंत फुलतच राहते. बी वजनाने हलके असते. त्याला चिकटलेल्या वांझ पुष्पकांमुळे ते वाऱ्यावर व पाण्यावर सहज वाहून जाते. वाहनांच्या चाकांना लागलेला चिखल, शेणखत, चारा आणि बांधकामाची वाळू हेही त्याच्या प्रसाराचे मार्ग आहेत. पृष्ठभागावर पडलेले बी लवकर रुजते किंवा नष्ट होते. परंतु मातीत काही सेंटिमीटर खोल गाडले गेलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. अशा बियांच्या साठ्याला ‘बीजपेढी’ म्हणतात. उपटलेले झाड हा या पेढीवरचा केवळ एक व्यवहार होय. मूळ ठेव मातीतच शिल्लक असते.

यावरून एक बाब स्पष्ट होते. पाने खाणारा कीटक झाडाची शक्ती कमी करतो व त्यामुळे फुलेही घटवतो. मात्र जे फूल एकदा आले त्याच्या बियांवर त्याचा अंमल चालत नाही. बीजपेढीत होणारी नवी भर रोखायची असेल, तर फूल व बी यांच्या दरम्यानच्या अल्प कालावधीत कार्य करणारा शत्रू हवा. बीजभक्षी सोंडकिडा नेमका तेथे कार्य करतो.

३. सोंडकिडा : परिचित कुलातील अपरिचित सदस्य

सोंडकिडे हे भुंगेऱ्यांच्या गणातील एक विशाल कुल आहे. डोक्याचा पुढील भाग लांबट होऊन सोंडेसारखा झालेला असतो व त्या सोंडेच्या टोकाला मुखावयव असतात. सोंडेवर कोपरातून वाकल्यासारख्या शृंगिका असतात. अळी पांढरी, बिनपायाची, किंचित वाकलेली आणि तपकिरी डोक्याची असते. ती बहुधा वनस्पतीच्या आतच राहून वाढते. पाय नसण्याचे इंगित यातच आहे. जिला अन्नाच्या कोठीतच जन्म मिळतो, तिला चालण्याची गरज पडत नाही.

महाराष्ट्रातील वाचकास या कुलाची ओळख दोन ठिकाणी झालेली असते. एक म्हणजे साठवलेल्या तांदळातील व गव्हातील सोंडे आणि दुसरे म्हणजे आंब्याच्या कोयीत सापडणारा भुंगा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्याची कोय फोडल्यावर आतून काळसर कीटक निघतो, तेव्हा तो आत कसा शिरला, याचे कुतूहल लहानपणी प्रत्येकाला वाटलेले असते. त्याचे उत्तर असे : मादी कोवळ्या फळाच्या सालीवर अंडे घालते. फळातून झिरपणारा चीक वाळून त्यावर आवरण तयार होते. अंड्यातून निघालेली अळी गर पोखरत कोवळ्या कोयीत शिरते आणि फळ वाढत जाते तसा तिचा मार्ग बुजून जातो. कोयीतच ती वाढते व कोषावस्थेत जाते. प्रौढ कीटक बाहेर पडल्यावर झाडाच्या सालीखाली व फटींत दडून पुढच्या मोहोराची वाट पाहतो. वर्षभरात त्याची एकच पिढी होते.

आंब्याच्या बाबतीत हा कीटक उपद्रवी ठरतो. परंतु हीच जीवनपद्धती एखाद्या तणाच्या बीजावर अवलंबून असेल, तर तो कीटक उपयुक्त ठरू शकतो. शत्रू व मित्र हा भेद कीटकाच्या स्वभावात नसून त्याच्या आहाराशी असलेल्या आपल्या हितसंबंधांत असतो.

४. स्मिक्रोनिक्स ल्युट्युलेंटसचे जीवनचक्र

गाजरगवताच्या बियांवर जगणारा हा सोंडकिडा मूळचा मेक्सिको व लगतच्या उत्तर अमेरिकेतील आहे. प्रौढ कीटक जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर लांबीचा, म्हणजे तिळाच्या दाण्याहूनही लहान असतो. ‘ल्युट्युलेंटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘चिखलाने माखलेला’ असा होतो. ज्याच्या आयुष्याचा महत्त्वाचा भाग मातीत जातो, त्या कीटकाला हे नाव योगायोगाने का होईना, शोभून दिसते.

४.१ प्रौढावस्था व अंडी : पावसानंतर जमिनीतून बाहेर आलेले प्रौढ गाजरगवताची कोवळी पाने व फुले खातात. हे भक्षण किरकोळ असते. त्यामुळे झाडाची लक्षणीय हानी होत नाही. मादी आपली अंडी कळ्यांमध्ये, विकसित होणाऱ्या बियांच्या निकट घालते. येथे वेळेला फार महत्त्व आहे. कळी अतिशय कोवळी असेल तर बी धरलेले नसते. स्तबक पक्व झाले असेल तर बीजकवच कठीण झालेले असते. या दोन मर्यादांच्या मध्ये मादीला योग्य कळी शोधावी लागते.

४.२ अळी : अंड्यातून बाहेर पडलेली अळी विकसनशील बीजात प्रवेश करते आणि त्यातील गर खाते. एका बीजात एकच अळी वाढते व तिच्या वाढीला ते एक बीज पुरते. बी बाहेरून फुगीर दिसू शकते. परंतु त्यातील गर्भ नष्ट झालेला असल्याने ते रुजत नाही.

४.३ मातीतील अवस्था : पूर्ण वाढलेली अळी बी सोडून जमिनीवर पडते व मातीत शिरते. तेथेच ती कोषावस्थेत जाते. हंगाम अनुकूल असल्यास कोषातून प्रौढ बाहेर येऊन नव्या पिढीस प्रारंभ होतो. कोरडा काळ सुरू झाल्यास मात्र कीटक मातीतच सुप्तावस्थेत राहतो आणि पुढील पावसाच्या ओलाव्यानंतर त्याचे जीवनचक्र पुन्हा सुरू होते.

या चक्राचा गाभा ‘प्रतीक्षा’ या एका शब्दात सांगता येईल. पाने खाणाऱ्या कीटकाला झाड असेपर्यंत अन्न मिळते; बीजभक्षी कीटकाला ते केवळ फुलोऱ्याच्या काळात मिळते. वर्षाचा उर्वरित काळ त्याने कोठे व कोणत्या अवस्थेत काढावा, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न असतो. आंब्याच्या कोयीतील भुंगा तो प्रौढावस्थेत सालीखाली सोडवतो, तर स्मिक्रोनिक्स मातीत सोडवतो.

५. तुलनेसाठी अन्य तीन उदाहरणे

पहिले उदाहरण रायनोसायलस कोनिकस या युरोपीय सोंडकिड्याचे आहे. थिसल नावाच्या काटेरी वनस्पतींच्या, विशेषतः मस्क थिसलच्या नियंत्रणासाठी तो १९६८ मध्ये कॅनडात व १९६९ मध्ये अमेरिकेत सोडण्यात आला. त्याची सोंड आखूड व रुंद असते. वसंत ऋतूत मादी स्तबकाखालील छदांवर अंडी चिकटवते आणि चावलेल्या वनस्पतिद्रव्याने ती झाकते. त्यामुळे छदांवर तपकिरी खवले आल्यासारखे दिसतात. सुमारे आठवड्याभरात अळी बाहेर पडून छदातून थेट पुष्पासनात शिरते. तीन-चार आठवडे ती पुष्पासन व कोवळ्या बिया खाते. कोषावस्था एक ते दोन आठवड्यांची असते. नवे प्रौढ काही काळ त्याच कोठडीत राहून उन्हाळ्यात बाहेर पडतात आणि हिवाळा पालापाचोळ्यात काढतात. बहुधा वर्षाला एकच पिढी होते.

दुसरे उदाहरण आपल्या माळरानांवरील सराट्याशी संबंधित आहे. ज्या सराट्याचे फळ आपण गोखरू म्हणून औषधात वापरतो, तीच वनस्पती अमेरिकेच्या पश्चिम भागात त्रासदायक तण मानली जाते. तेथे १९६१ मध्ये इटलीतून आणलेला मायक्रोलॅरिनस लॅरेयनी हा बीजभक्षी सोंडकिडा सोडण्यात आला. तो कोवळ्या काटेरी फळात अंडी घालतो. सराट्याला उन्हाळाभर फळे येत असल्याने हा कीटक तीन-चार आठवड्यांत एक पिढी पूर्ण करून एका हंगामात अनेक पिढ्या घडवतो व थंडीचा काळ प्रौढावस्थेत पालापाचोळ्यात काढतो. ‘तण’ ही संज्ञा किती सापेक्ष आहे, हेही या उदाहरणावरून लक्षात येते.

तिसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या अनेक बाभूळवर्गीय वृक्षांनी तेथे तणाचे रूप घेतले. परंतु त्यांपैकी काहींची साल व लाकूड यांना व्यापारी मूल्य होते. वृक्ष राहावा पण त्याचा प्रसार थांबावा, अशी ही दुहेरी अपेक्षा होती. त्यामुळे १९८० च्या दशकापासून तेथे मेलँटेरियस प्रजातीचे, केवळ शेंगांतील बिया खाणारे सोंडकिडे सोडण्यात आले. बीजभक्षी कीटक झाडाला न मारता त्याची वंशवृद्धी रोखतो. त्याची ही मर्यादाच तेथे गुण ठरली.

६. बी नष्ट झाले म्हणजे तण घटते काय?

बीजभक्षी कीटकाने बहुसंख्य बिया नष्ट केल्या, तर तण त्याच प्रमाणात घटेल, असा आपला सहज समज होतो. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

समजा, एका झाडाच्या पंधरा हजार बियांपैकी नव्वद टक्के नष्ट झाल्या. तरीही दीड हजार बिया उरतात. वस्तुतः त्या झाडाची जागा घेण्यास एक रोप पुरेसे आहे. दाट वाढलेल्या ताटव्यात हजारो रोपे उगवतात आणि परस्परांच्या स्पर्धेत बहुतेक मरतात. बिया कमी झाल्याने रोपे कमी उगवली, तर उरलेल्यांना जागा व प्रकाश अधिक मिळतो आणि झाडांची अंतिम संख्या जवळजवळ तितकीच राहू शकते. याउलट जेथे तण नव्याने शिरत आहे, जेथे गवत किंवा अन्य वनस्पती त्याला स्पर्धा देत आहेत, तेथे प्रत्येक बीज मोलाचे असते व बीजनाशाचा परिणाम स्पष्टपणे दिसतो.

रायनोसायलसचा अनुभव याची साक्ष देतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात काही ठिकाणी पाच-सहा वर्षांत मस्क थिसलची घनता नव्वद टक्क्यांच्या आसपास घटल्याच्या नोंदी १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाल्या. मात्र तोच कीटक न्यूझीलंडमध्ये तितका प्रभावी ठरला नाही. शी व केली यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती प्रारूपानुसार तेथे कीटकामुळे होणारा बीजनाश साधारण तृतीयांशाच्या जवळपास होता, तर तणाची संख्या घटू लागण्यासाठी तो दोन-तृतीयांशाहून अधिक असणे आवश्यक होते. यामागील एक कारण कालक्रमात आहे. सोंडकिडा हंगामाच्या प्रारंभीच्या स्तबकांवर अंडी घालतो. नंतर उमलणारी स्तबके त्याच्या तावडीतून सुटतात. फुलोरा जितका लांबतो तितकी ही सुटका मोठी होते.

गाजरगवताच्या बाबतीत आणखी एक अंकगणित लक्षात घेतले पाहिजे. मस्क थिसलच्या एका मोठ्या स्तबकात शेकडो बिया असतात व एक अळी पुष्पासन पोखरताना त्यांतील अनेक बियांची हानी करते. स्मिक्रोनिक्सची अळी एकच बी नष्ट करते. वरील उदाहरणातील नव्वद टक्के बीजनाशासाठी एका झाडावर साडेतेरा हजार अळ्या वाढणे आवश्यक आहे. म्हणजेच या कीटकाचे यश त्याच्या खादाडपणावर अवलंबून नसून त्याच्या संख्येवर अवलंबून आहे. ही संख्या मातीत सुप्तावस्थेत किती कीटक तगतात, पाऊस केव्हा येतो आणि त्या वेळी कळ्या उपलब्ध असतात किंवा नाही, यावर ठरते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात हा सोंडकिडा १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सोडण्यात आला. त्यानंतर कित्येक वर्षे तो तेथे रुजला असल्याचे फारसे जाणवले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर मात्र तो मध्य क्वीन्सलँडमध्ये सर्वदूर आढळू लागला. कीटक सोडणे व तो परिणामकारक संख्येस पोहोचणे यांत दीर्घ कालावधी जाऊ शकतो, हे यावरून दिसते. तेथेही केवळ या एका कीटकावर विसंबण्यात आलेले नाही. खोड पोखरणारा लिस्ट्रोनोटस हा सोंडकिडा, खोडावर गाठी करणारा एपिब्लेमा पतंग, मेक्सिकन भुंगेरा आणि तांबेरा रोगाच्या बुरशी यांच्या समवेत तो कार्य करतो. दक्षिण आफ्रिकेने २०१५ पासून त्याचा वापर सुरू केला.

७. भारतातील अनुभव

१९८० च्या दशकात बंगळूर येथे गाजरगवतासाठी तीन कीटक आणण्यात आले होते. त्यांपैकी मेक्सिकन भुंगेरा यशस्वी झाला. स्मिक्रोनिक्सची प्रयोगशाळेत वाढ करता आली नाही, त्यामुळे तो प्रयत्न तेथेच थांबला. तिसरा कीटक म्हणजे एपिब्लेमा पतंग. चाचणीत तो कारळ्याच्या झाडावरही आपले जीवनचक्र पूर्ण करतो, असे आढळले. कारळे हे आपल्याकडील, विशेषतः आदिवासी व डोंगराळ भागातील तेलबियांचे पीक असल्याने या पतंगाची प्रयोगशाळेतील पैदास नष्ट करण्यात आली. ऑस्ट्रेलियात उपयुक्त ठरलेला कीटक भारतात नाकारला गेला, यात कोणतीही विसंगती नाही. सुरक्षितता ही कीटकाची निरपेक्ष गुणवत्ता नसून त्या प्रदेशातील पिके व वनस्पती यांच्या संदर्भातच ती ठरवावी लागते.

मेक्सिकन भुंगेऱ्याविषयीही वाद झाला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी कर्नाटकात तो सूर्यफुलावर आढळल्याने शेतकऱ्यांत चिंता निर्माण झाली आणि केंद्र शासनाने सत्यशोधन समिती नेमली. गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडल्यास भुंगेरे ती पाने कुरतडू लागतात, असे प्रयोगांत दिसून आले. अखेरीस सूर्यफुलाच्या पिकास त्यापासून खरा धोका नाही, असा निष्कर्ष स्वीकारला गेला. परंतु मध्यंतरीच्या काळात जैविक नियंत्रणावरील लोकांचा विश्वास डळमळीत झाला होता.

८. यजमान-विशिष्टतेचा प्रश्न

स्मिक्रोनिक्सचा पुन्हा विचार करावयाचा झाल्यास हा अनुभव विसरून चालणार नाही. कारण या कीटकाच्याच प्रजातीतील स्मिक्रोनिक्स फल्व्हस व स्मिक्रोनिक्स सॉर्डिडस हे दोन सोंडकिडे उत्तर अमेरिकेत सूर्यफुलाच्या बियांवरील कीड म्हणून कुप्रसिद्ध आहेत. त्यांपैकी फल्व्हसचे जीवनचक्र आपल्या कीटकाशी बरेच मिळतेजुळते आहे : अंडे कोवळ्या बीजात, अळीचे पोषण गरावर, त्यानंतर मातीत उतरून सुप्तावस्था. अर्थात, नाते निकटचे असले म्हणजे आहारही एकच असतो, असे नव्हे. ल्युट्युलेंटसच्या यजमान-निवडीच्या चाचण्या ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांत झाल्या व त्यानंतरच तो सोडण्यास अनुमती मिळाली. तथापि सूर्यफूल, करडई व कारळे ही तीन पिके घेणाऱ्या आपल्या प्रदेशात येथील वाणांवर व येथील वन्य जातींवर स्वतंत्र चाचण्या घेणे अपरिहार्य ठरते.

रायनोसायलसचा उत्तरार्ध या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारा आहे. हा कीटक थिसलच्या अनेक प्रजातींवर जगू शकतो, हे सोडण्यापूर्वीच ज्ञात होते. त्या काळी पिकांना धोका नाही एवढीच कसोटी प्रमुख मानली जात असे. निरुपयोगी वाटणाऱ्या देशी थिसलांची गणना कोणी केली नाही. स्वाटा लौडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की १९९२ ते १९९६ या काळात देशी थिसलांवरील या कीटकाचे प्रमाण झपाट्याने वाढले. देशी थिसलांच्या १६ ते ७७ टक्के स्तबकांत तो पोहोचला होता, त्यांचे बीजोत्पादन घटले होते आणि त्याच स्तबकांवर जगणाऱ्या देशी माश्यांची संख्याही कमी झाली होती. २००० मध्ये अमेरिकी कृषी खात्याने या कीटकाच्या आंतरराज्यीय वाहतुकीचे परवाने मागे घेतले. परंतु सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. रासायनिक तणनाशकाची फवारणी थांबवता येते. जैविक नियंत्रणात हा निर्णय बहुधा एकदाच घेता येतो.

९. चर्चा

उपरोक्त विवेचनावरून महाराष्ट्रासंबंधी काही अनुमाने काढता येतात. पावसाबरोबर मातीतून बाहेर येणारा हा सोंडकिडा आपल्या मोसमी हवामानाशी तत्त्वतः जुळणारा आहे. मेक्सिकन भुंगेराही याच पद्धतीने कोरडा काळ मातीत काढतो व येथे रुजला आहे. भुंगेरा झाडाची पाने खाऊन फुलांची संख्या घटवील आणि उरलेल्या फुलांतील काही बिया सोंडकिडा नष्ट करील, अशी श्रमविभागणी कल्पिता येते. परंतु भुंगेऱ्याने पाने फस्त केलेल्या झाडावर कळ्याच अल्प आल्या, तर सोंडकिड्याला अन्न अपुरे पडेल, ही शक्यताही नाकारता येत नाही. शिवाय कालव्यांच्या कडेला व बागायती शेतांत गाजरगवत हिवाळ्यात व उन्हाळ्यातही फुलते. कोरड्या काळात मातीत निद्रिस्त असलेल्या कीटकाचा तेथे कितपत उपयोग होईल, हे प्रत्यक्ष अभ्यासानेच ठरू शकेल.

अशा कीटकाची पुन्हा आयात करावयाची झाल्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये परवानगी, विलगीकरण आणि चाचण्या या मार्गानेच ती करावी लागेल. हे काम राष्ट्रीय पातळीवरील संस्थांचे आहे. महाविद्यालयीन शिक्षकांनी मात्र त्या निर्णयाची वाट पाहत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. बीजभक्षी सोंडकिडा जे कार्य करतो, म्हणजे फूल व बी यांच्या दरम्यान हस्तक्षेप, ते कार्य आपल्या मोहिमांनाही करता येते. आपली तण-उच्चाटन मोहीम अनेकदा ऑगस्टच्या मध्यास, म्हणजे पहिली झाडे फुलून गेल्यावर होते. फुललेली झाडे उपटून ओढत नेल्याने पक्व बी मार्गभर सांडते. तीच मोहीम जुलैच्या प्रारंभी, कळ्या धरण्यापूर्वी घेतली आणि महिन्याभराने उशिरा उगवलेल्या रोपांसाठी पुन्हा घेतली, तर बीजपेढीत नवी ठेव पडणार नाही. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्यासारखी स्पर्धक वनस्पती वाढू दिली, तर उरलेल्या बियांचीही कोंडी होते. काम करताना हातमोजे व नाकातोंडावर पट्टी वापरणे आणि ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांना दूर ठेवणे, ही दक्षता अवश्य घ्यावी.

प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांना या विषयावर एक सोपे प्रात्यक्षिकही घेता येईल. परिसरातील शंभर पक्व स्तबके गोळा करून प्रत्येकातील भरलेल्या, पोचट व कीडग्रस्त बियांची भिंगाखाली मोजणी करावी. मैदानातील मातीचे नमुने घेऊन त्यांतून उगवणारी रोपे मोजावीत. हीच मोजणी दरवर्षी त्याच जागी केल्यास आपली मोहीम यशस्वी होत आहे किंवा नाही, हे उपटलेल्या तणाच्या ढिगाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्हपणे कळेल. उद्या एखादा बीजभक्षी कीटक सोडला गेलाच, तर त्यापूर्वीची स्थिती काय होती, याचा पुरावाही अशा नोंदींतूनच मिळेल.

१०. निष्कर्ष

(१) गाजरगवताचे पुनरागमन त्याच्या विपुल बीजोत्पादनामुळे व मातीतील बीजपेढीमुळे होते. केवळ पाने खाणारा कीटक हा साठा संपवू शकत नाही.

(२) स्मिक्रोनिक्स ल्युट्युलेंटसचे जीवनचक्र कळी, बीज व माती या तीन स्थानांत विभागलेले असून मातीतील सुप्तावस्था हा त्याच्या टिकावाचा आधार आहे.

(३) एक अळी एकच बी नष्ट करीत असल्याने या कीटकाची परिणामकारकता त्याच्या संख्येवर अवलंबून राहते. तो पूरक साधन म्हणून विचारात घेण्याजोगा आहे. एकमेव उपाय म्हणून नव्हे.

(४) सूर्यफूल, करडई व कारळे यांच्या संदर्भात येथील परिस्थितीत यजमान-विशिष्टतेच्या चाचण्या झाल्याशिवाय त्याच्या वापराचा आग्रह धरणे उचित नाही. या चाचण्यांत पिकांबरोबरच देशी वन्य वनस्पतींचाही समावेश असावा.

(५) तोपर्यंत फुलोऱ्यापूर्वी तण काढणे, स्पर्धक वनस्पतींची वाढ करणे आणि बीजपेढीची नियमित मोजणी करणे हे तिन्ही उपाय प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत.